गुरुजी, आधी रविवारचं बघायला जाणं थांबवा

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी मला चार पानी पत्र पाठवलंय. नावगाव गाळून त्याचा मथितार्थ असा. तीन मुलगे. थोरल्या दोघांची लग्नं झाली, पोरंबाळं आहेत. धाकटा २६ वर्षांचा, इंजिनिअर, बेंगळुरूला नोकरीला. दिवाळीला घरी आला तेव्हा रात्री स्वयंपाकघरात आईजवळ बसून म्हणाला, "आई, मला मुलींची ओढ वाटत नाही, कधी वाटलीच नाही. मुलगेच आवडतात. लग्नाचं काढू नका." आईनं त्या रात्री देवापुढं लावलेला दिवा अजून विझू दिलेला नाही. घर वारकरी, गुरुजींच्या गळ्यात वडिलांनी घातलेली माळ. पत्रात विचारलंय ते असं: हे निसर्गात असतं का? आपल्या धर्माला मान्य आहे का? औषधानं जातं का? आणि अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून: "थोरली सून म्हणते, लग्न झालं की सगळी ताळ्यावर येतात. रविवारी चंदगडकडं मुलगी बघायला जायचं ठरलंय. जावं का?"

गुरुजी, जे तुम्ही ताजा कलमात टाकलंत तो माझ्या लेखी पहिला प्रश्न. जाऊ नका. का ते पुढं येईलच. आता तुमच्या तीन प्रश्नांकडं वळतो.

बेळगावात मनोविकारांचा दवाखाना चालवायला लागून मला ३१ वर्षं झाली. माझ्या ओपीडीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी सगळं चालतं, आणि या चारही भाषांत हा प्रश्न माझ्यापुढं आलाय. 'हे नैसर्गिक आहे का' असं विचारणाऱ्या बापाला प्राणिशास्त्र शिकायचं नसतं. त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो: आमचं काय चुकलं? आई तर 'आमचं' सुद्धा म्हणत नाही, 'माझं काय चुकलं' म्हणते. दिवा तेवत ठेवलाय तो त्यासाठीच ना? तर तेवढं आधी ऐकून घ्या. तुमचं काही चुकलेलं नाही. लाडानं नाही, माराने नाही, हॉस्टेलला ठेवल्यानं नाही, मोबाईल दिल्यानं नाही. त्याच घरात, त्याच भाकरीवर, त्याच छडीखाली तुमचे थोरले दोघे वाढले. त्यांना बायका हव्याशा वाटल्या, याला नाही.

तुम्ही आयुष्यभर वर्गात उभे राहिलात, म्हणून तुमच्याच वर्गातलं सांगतो. चाळीस पोरांत तीन-चार डावरी निघायचीच. जगभरचं प्रमाण साधारण दहा टक्के धरतात. आपल्या लहानपणी अशा पोराच्या डाव्या हातावर पट्टी पडायची, पाटीपेन्सिल उजव्या हातात कोंबली जायची, जेवताना डावा हात पुढं आला की आजी ओरडायची. माझा एक चुलतभाऊ असा 'सुधारलेला' आहे. उजव्या हातानं लिहितो, अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि सुतळ दोऱ्याची गाठ सोडायची झाली की अजून डावाच हात आधी जातो. पट्टीनं त्याचा हात बदलला, मेंदू तिथंच राहिला. आज कुठला शिक्षक डावऱ्या पोराला मारत नाही. डावरेपण काही तेव्हा अनैसर्गिक आणि आता नैसर्गिक झालं असं नाही, आपल्याला कळायला वेळ लागला एवढंच.

माणसामाणसांतला फरक बहुतेक वेळा असाच येतो: एका कारणानं नाही, अनेक बारीक कारणांच्या गुंत्यातून. उंची घ्या, रंग घ्या, एकाला गर्दीत हुरूप येतो आणि दुसऱ्याला धाप लागते ते घ्या. लैंगिक ओढही त्यातलीच. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'समलैंगिकतेचं जनुक' म्हणून एखादं सापडलं नाही. सापडली ती अनेक जनुकं, प्रत्येकाचा वाटा राईएवढा, आणि सगळी मिळूनही चित्र पुरं होत नाही, कारण गर्भातली जडणघडण आणि अजून न उलगडलेल्या कितीतरी गोष्टी त्यात असतात. एकसारख्या जुळ्या भावांत एक समलैंगिक असेल तर दुसरा तसा असण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, पण खात्री नसते. जनुकंच सगळं ठरवत असती तर खात्री असती.

तुमचा हा तिसरा मुलगा. त्यामुळं आणखी एक गोष्ट सांगायचा मोह होतो, पण ती नीट वाचा. १९९०च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आलं की पाठचा मुलगा समलैंगिक असण्याची शक्यता प्रत्येक थोरल्या सख्ख्या भावागणिक सुमारे एक तृतीयांशानं वाढते. कारण म्हणून सांगतात ते असं, की मुलग्याचा गर्भ वाढवताना आईचं शरीर त्याच्या काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढच्या मुलग्यावर त्याचा किंचित परिणाम होतो. मुळात शंभरात दोन-तीनच असतात, त्यात तिसऱ्या हिश्शाची भर म्हणजे तीन-चार. तिसऱ्या, चौथ्या मुलग्यांतले बहुतेक सगळे मुलींवरच प्रेम करणारे निघतात. हे वाचून बाईंना पुन्हा 'म्हणजे माझ्याच पोटात' असं वाटू देऊ नका. आईच्या पोटात काय चाललंय यावर आईचा हुकूम चालत नाही. नाहीतर प्रत्येकीनं मुलाचे डोळे निवडून घेतले असते.

जनावरांचंही विचारलंय तुम्ही: "पशूसुद्धा असं करत नाहीत, असं आमच्याकडं म्हणतात." म्हणोत. अमेरिकेत मेंढ्यांवर बरीच वर्षं काम झालंय. शंभरातले सुमारे आठ मेंढे असे आढळले की मेंढी समोर असली तरी ते तिच्याकडं ढुंकून बघत नाहीत, दुसऱ्या मेंढ्याकडंच जातात. पैदाशीसाठी पाळणाऱ्याला असा मेंढा परवडत नाही, म्हणून हा अभ्यास सुरू झाला होता. रायबाग-अथणीकडचे एक धनगर आजोबा माझ्याकडं झोपेच्या गोळ्यांसाठी यायचे. त्यांना एकदा मी ही गोष्ट मोठी नवलाची म्हणून सांगितली. ते म्हणाले, "मग? कळपात असा येखादा असतोयच की. तेला काय कळपातनं काढायचं?" मी गप्प बसलो. माकडांत, डॉल्फिनांत, पक्ष्यांत, शेकडो जातींत ही वागणूक नोंदलेली आहे. हवाई बेटांवरच्या एका वसाहतीत अल्बट्रॉस पक्ष्यांच्या जवळजवळ तिसरा हिस्सा जोड्या दोन माद्यांच्या आढळल्या. दोघी मिळून घरटं करतात, अंडं उबवतात.

पण खरं सांगू का गुरुजी, या मेंढ्यांच्या जोरावर मी तुमच्या मुलाची वकिली करणार नाही. निसर्गात काय नसतं? घोणस निसर्गातलीच, देवीचा रोगही निसर्गातलाच. उलट तुमच्या नाकावरचा चष्मा अगदी अनैसर्गिक. तेव्हा निसर्गात आहे म्हणून चांगलं आणि नाही म्हणून वाईट, हा हिशेबच लंगडा. डॉक्टर म्हणून मी दोनच गोष्टी बघतो. यामुळं त्या माणसाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होते का? आणि ती इजा त्या गोष्टीतून येते की आजूबाजूच्यांच्या वागण्यातून? माझ्याकडं आलेल्या अशा मुलांना झोप लागत नव्हती, भूक मेली होती, दोघांनी तर जीव द्यायचा प्रयत्न केला होता. त्यांतल्या एकाचंही दुखणं पुरुषावर प्रेम केल्यानं आलेलं नव्हतं. ते घरी कळेल या धास्तीनं आलेलं होतं, नाहीतर कळल्यावर जे झालं त्यानं.

आता औषध. नाही. कारण हा रोग नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीरपणे तेच सांगितलं. २०२२ पासून तर 'हे बदलून देतो' असा उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या लेखी डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. म्हणजे उद्या कुणी पाटी लावून बसला आणि म्हणाला, पाच बैठकींत मुलगा सरळ करून देतो, तर बिल देऊ नका, मेडिकल कौन्सिलकडं तक्रार द्या. अंगारा, ताईत, बाहेरची बाधा म्हणून नरसोबाच्या वाडीला नेऊन बसवणं, हेही त्याच पंगतीतलं. वाडीला दत्ताचं दर्शन घ्यायला अवश्य जा. मुलाला बांधून नेऊ नका.

हे मी अगदी ताठ मानेनं सांगतोय असं वाटत असेल तर थांबा. मला एक कबूल करायचंय. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो.

दवाखाना काढून दोनेक वर्षं झाली असतील. चिकोडी भागातलं एक खातंपितं घर, तंबाखूची शेती. बापानं पोराला आणलं. पोरगा चोवीसचा, मान खाली. बापाला बाहेर बसवल्यावर त्यानं मला तुमच्या मुलानं आईला सांगितलं तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. तेव्हा सगळी पुस्तकं बदललेली होती. मी बदललो नव्हतो. माझ्या शिक्षकांनी जे शिकवलं तेच माझ्या डोक्यात होतं. मी झोपेची आणि उदासीची गोळी लिहून दिली आणि बापाला आत बोलावून म्हटलं, "काही नाही, भीती बसलीय. लग्न करून टाका, सहा महिन्यांत ठीक होईल." बाप माझ्या पाया पडला. त्या पोराचा चेहरा मला आजही आठवतो. त्याला आशा होती, की निदान डॉक्टर तरी बापाला सांगतील.

पाच वर्षांनी एक बाई आली. अंगावर नीटनेटकी इरकल, हातात प्लास्टिकची पिशवी. झोप नाही, छातीत धडधड, पोटात गोळा उठतो. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास चालू. मूल होत नाही म्हणून सासूनं तिला बेळगाव, मिरज, कोल्हापूर, तिन्हीकडं तपासून आणलेलं, नवऱ्याला एकदाही नाही. दोन-तीन भेटींनंतर तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. कपाट आवरताना नवऱ्याच्या जुन्या फायलीत सापडलेला. माझंच अक्षर, माझाच शिक्का, लग्नाच्या चार महिने आधीची तारीख. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला ठाऊक होतं की. मला एकटीलाच ठाऊक नव्हतं होय?"

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. पाच वर्षं ती स्वतःला कुरूप समजत होती. सासूनं तिला वांझ ठरवलं होतं, माहेरच्यांनी 'सांभाळून घे' म्हणून दर खेपेला परत पाठवलं होतं. नवरा वाईट नव्हता. मारायचा नाही, ओरडायचा नाही, रात्री माडीवर झोपायचा. पुढं रीतसर घटस्फोट झाला. ती माहेरी गेली आणि शिवणकाम करू लागली. तो कुठं आहे मला माहीत नाही. त्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर मी एका वाक्यात दोन आयुष्यं लिहून दिली होती. तुमची थोरली सून म्हणते ते वाक्य माझंच आहे, गुरुजी. फक्त मी ते फी घेऊन म्हटलं होतं.

मुलींची गोष्ट याहून वाईट, तीही इथंच सांगून टाकतो. मुलगे निदान नोकरीच्या निमित्तानं बेंगळुरूला, पुण्याला निघून जातात. मुली माझ्याकडं येत नाहीत, आणल्या जातात, तेही मैत्रिणीबरोबर पळून जायला निघाली म्हणून. मुलीला काय आवडतं हे आपण तसंही कधी विचारत नाही. त्यामुळं तिचं वेगळेपण लग्नाच्या मंडपात सहज दडून जातं आणि आयुष्यभर डोकेदुखी, कंबरदुखी होऊन बाहेर पडत राहतं.

धर्माकडं येतो. बाईंनी पत्राच्या समासात पेन्सिलीनं एक ओळ लिहिलीय, तुम्हाला ठाऊक आहे की नाही कोण जाणे: "तो आता साडी नेसणार काय, जोगत्यांसारखी?" म्हणजे या भागातल्या माणसाच्या मनात या विषयाचं पहिलं चित्र कुठलं, तर सौंदत्तीचा यल्लमा देवीचा डोंगर. माघातल्या पुनवेला बैलगाड्या, ट्रॅक्टर, एसट्या भरून लोक जातात, भंडाऱ्यानं डोंगर पिवळा होतो, चौंडकं वाजतं, "उदे गं आई" घुमतं, आणि त्या गर्दीत डोक्यावर जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, घेतलेले, साडी नेसलेले जोगते, कन्नडमध्ये जोगप्पा. पुरुषाच्या देहानं जन्मलेल्या पण बाईपण घेऊन जगणाऱ्या या माणसांना यल्लमानं ओढून घेतलं असं लोक मानतात. आपल्याकडच्या सोवळ्या बायकाही त्यांच्या परडीत जोगवा घालून पाया पडतात.

बाईंना सांगा, ती गोष्ट वेगळी आणि तुमच्या मुलाची वेगळी. मी कोण, बाई की पुरुष, हा एक प्रश्न. मला कोण आवडतं, हा दुसरा. जोगप्पांचं वेगळेपण बहुतेक करून पहिल्यातलं. तुमचा मुलगा स्वतःला पुरुषच समजतो, त्याला पुरुषांची ओढ आहे, बस्स. तो साडी नेसणार नाही. उद्या कुणाच्या घरी तसं मूल असलं, तरी त्याचाही उंबरा बंद करायचं कारण नाही.

आता काही शहाणे म्हणतात, बघा, आपल्या धर्मात आधीपासूनच किती मोठं मन आहे, यल्लमा आहे, अर्धनारीनटेश्वर आहे, मोहिनी आहे, शिखंडी आणि बृहन्नडा आहेत. आहेत, खरंच आहेत. पण मी त्या जोगत्यांना तपासलंय. परडीला हात जोडणारी बाई त्यांना भाड्यानं खोली देत नाही. बहुतेक जण गरीब घरांतले, खालच्या मानलेल्या जातींतले. मूल वेगळं निघालं की ते देवीला वाहून टाकायचं आणि घरातून नाव काढायचं. देव्हाऱ्यात जागा आणि घरात नाही, याला मी मान्यता म्हणत नाही. देवीला मुली सोडण्याची प्रथा कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं बंद केली, तीही याच डोंगराशी बांधलेली होती, हे विसरून यल्लमाचे गोडवे गाता येत नाहीत. तरी काळ हलतोय. जोगती नृत्याच्या परंपरेतल्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कर्नाटकानं तृतीयपंथीयांना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं.

पोथ्यांत काय आहे म्हणाल, तर सगळं आहे, आणि तीच अडचण. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषानं पुरुषाशी संग केला तर प्रायश्चित्त सांगितलंय: अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान. गंमत म्हणजे त्याच श्लोकात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसाढवळ्या बाईशी संग करणाऱ्यालाही तेवढंच प्रायश्चित्त आहे. त्याच अध्यायात दुसरीकडं मात्र हेच कृत्य जात घालवणारं म्हटलंय, आणि आठव्या अध्यायात मुलीमुलींच्या संबंधांना अंगाला इजा करणाऱ्या शिक्षा आहेत. कामसूत्रात 'तृतीया प्रकृती' म्हणून अशा लोकांचं वर्णन येतं, नाक न मुरडता. सुश्रुतसंहितेत त्याचा उगम गर्भधारणेच्या वेळचा सांगितलाय. कारणमीमांसा आज टिकणारी नाही, पण हे जन्मतः असतं, जडवून घेतलेलं नाही, एवढं त्या वैद्यालाही दिसलं होतं. तेव्हा 'आपला धर्म काय म्हणतो' याला एक उत्तर नाही. कोण विचारतोय आणि कुठलं पान उघडतोय, त्यावर ते ठरतं.

शेजाऱ्यांचंही सांगतो, कारण सीमाभागात एका गल्लीत चार धर्म नांदतात. निपाणीकडचे एक जैन व्यापारी, शास्त्राचे चांगले जाणकार, यांच्याकडून मला कळलं की जैन शास्त्रात 'वेद' या शब्दाचा एक अर्थ कामवासना असा आहे आणि तिचे तीन प्रकार आहेत: पुरुषाची ओढ, स्त्रीची ओढ आणि दोन्हींची. शरीर एक आणि ओढ दुसरी असू शकते, हे द्रव्य आणि भाव असा भेद करून त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय. सगळीच वासना जिंकायची हा त्यांचा आग्रह, पण तो सगळ्यांनाच लागू. कॅथलिक चर्चची शिकवण अशी, की कृत्य पाप, पण अशा माणसांना आदरानं आणि करुणेनं वागवा. २०२३ च्या डिसेंबरात पोपच्या संमतीनं अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभाही मिळाली, लग्नाची नाही. इस्लामी शास्त्राचे बहुतेक जाणकार लूत पैगंबरांच्या कथेच्या आधारे कृत्य निषिद्ध मानतात. पण मनात उठणारी ओढ आणि केलेलं कृत्य यांत फरक करणारेही त्यांच्यात आहेत. माझ्याकडं येणाऱ्या मुसलमान मुलांना हा फरकच जगायला पुरतो, कधीकधी पुरत नाही.

आणि बसवण्णा. इथल्या कन्नड शाळेतल्या पोराला त्यांचं वचन पाठ असतं, "इवनारव, इवनारव". हा कुणाचा, हा कुणाचा असं माझ्याकडून म्हणवू नकोस. हा आमचा, हा आमचा असं म्हणव. ते जातीपातीवर बोलत होते, तुमच्या मुलाच्या प्रश्नावर नव्हे. पण 'तू नेमका कुणाचा' हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाइतका कुणाला टोचला असेल? घरात मराठी, कचेरीत कन्नड, सातबारा एका भाषेत आणि जातीचा दाखला दुसऱ्या. आपण दोन्हीकडं अर्धे ठरलोय. अशा माणसांनी तरी घरातल्या पोराला अर्धं ठरवू नये, असं मला वाटतं. असो, हे डॉक्टरचं काम नव्हे.

कायद्याची भीती तुम्ही पुसटशी व्यक्त केलीत. ती सोडून द्या. अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये आणलं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना त्यातून बाहेर काढलं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलमच नाही. दोन पुरुषांच्या लग्नाला मात्र न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता नाकारली. म्हणजे तुमचा मुलगा गुन्हेगार नाही, पण उद्या जोडीदाराबरोबर राहिला तर वारसा, इस्पितळातली सही, बँकेतलं नाव, या गोष्टी त्याला कागद करून बांधून घ्याव्या लागतील. तो शिकलेला आहे, बघून घेईल. पोलिसांपेक्षा त्याला ब्लॅकमेल करणाऱ्यांची धास्ती जास्त असते. 'घरी सांगू' एवढ्याच धमकीवर मुलं पगार ओततात. ज्याच्या घरी आधीच ठाऊक आहे, त्याला ही धमकी लागू पडत नाही. त्यानं आईला सांगितलं त्याच रात्री त्यानं हे दार स्वतःच बंद केलंय.

राहिली तुमची माळ. वारकरी धर्म तुम्हाला मी काय सांगणार? एकादशी, पंढरीची वाट, मांस-मद्य वर्ज्य आणि परनारी रखुमाईसमान. या शेवटच्या पथ्याचा अर्थ तुम्ही शाळेत पोरांना समजावला असेल. आता चंदगडच्या त्या मुलीला त्या जागी ठेवून बघा. ज्याला तिची ओढ कधीच वाटणार नाही हे ठाऊक असलेल्या मुलाच्या गळ्यात तिला बांधायचं, तिला न सांगता, तिच्या बापाकडून हुंड्याचा नसला तरी मानपानाचा खर्च करवून. तुमच्या मुलाचं प्रेम धर्माला चालतं की नाही यावर दोन बाजूंनी वाद घालता येईल. ही फसवणूक कुठल्या अभंगात बसते ते मला दाखवा.

मुलाशी काय बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. लांबलचक काही नको. फोन करा आणि नेहमीसारखं विचारा, जेवलास का. मग म्हणा, आईनं सांगितलं, मला समजायला वेळ लागेल, पण तू घरी येत जा. 'मला मान्य आहे' असं मनात नसताना म्हणू नका. पोरांना खोटं कळतं. तो रडेल कदाचित. तुम्हालाही येईल रडू, येऊ द्या. भावांना कधी सांगायचं ते त्याला ठरवू द्या, थोरल्या सुनेला तर मुळीच आत्ता नको. भजनी मंडळात कुणी विचारलं, मुलाचं कधी करताय, तर 'त्याचा विचार नाही' एवढं पुरे. पहिले सहा महिने लोक विचारतात, मग दुसऱ्या कुणाच्या घरचं बघायला लागतात. माझ्या दवाखान्यात यायचं असेल तर तुम्ही दोघं या, मुलाला आणू नका. त्याला काही झालेलं नाही. बाईंची झोप उडालीय, ती आपण बघू.

आणि चंदगडला आजच कळवा, शनिवारपर्यंत थांबू नका. मुलाची तब्येत, नोकरीची बदली, पत्रिका, असलं काही रचू नका. त्यानं ते लोक पुढच्या महिन्याची तारीख मागतील. मुलाला लग्नच करायचं नाही, आमचं आधी बोलायचं राहिलं, माफ करा, एवढंच सांगा. त्या घरी मुलीची मावशी बोलावून झाली असेल, पोह्याचं सामान आणून झालं असेल.